रंगांची खूण आणि माणसाची ओळख

शब्दांप्रमाणे रंगांनाही एक भाषा असते. ती आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवत नाही. बोलताबोलता, सणवार साजरे करताकरता ती आपल्या अंगवळणी पडते. भीतीने माणूस पांढराफटक पडतो आणि रागाने लालबुंद होतो. कचेरीत काम अडले की लाल फितीचे नाव निघते. परवानगी मिळाली की हिरवा कंदील दाखवला असे आपण म्हणतो. लपूनछपून चालतो तो काळा बाजार, आणि ज्यावर विश्वास ठेवू नये त्याचे नाव काळ्या यादीत जाते. कुळाला कमीपणा आणणाऱ्याने घराण्याला काळिमा फासला, असे म्हणण्याची आपली रीत आहे.

ही उदाहरणे वाचून कोणाला वाटेल की, काळा म्हणजे वाईट आणि पांढरा म्हणजे चांगला, हे आपल्या भाषेने कायमचे ठरवून टाकले आहे. पण तीच भाषा थोडी अधिक लक्षपूर्वक ऐकावी. जे अटळ आणि खात्रीचे आहे त्याला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. मंगळसूत्रातले मणी काळेच असतात. संक्रांतीच्या सणाला सुवासिनी हौसेने काळी चंद्रकळा नेसते. वारकऱ्याच्या कपाळी काळा बुक्का असतो आणि त्याचा देव सावळा आहे. शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो. लाल रंगाचेही तसेच. कुंकवाचा लाल रंग सौभाग्याचा मानला गेला. पण पूर्वी ब्राह्मण विधवेला केशवपनानंतर जे आलवण नेसावे लागे, तेही तांबडेच असे. एकाच रंगाने एका घरात आनंद सांगितला आणि दुसऱ्या घरात दुःख. याचा अर्थ असा की, रंगाला स्वतःचा असा गुण किंवा दोष नसतो. समाज त्याला अर्थ देतो आणि समाजच तो अर्थ बदलतो.

रंगांच्या या भाषेचा सर्वांत जुना आणि सर्वांत कुशल उपयोग रंगभूमीने केला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग दिलेला आहे. शृंगाराचा श्याम, हास्याचा पांढरा, करुणाचा पारव्यासारखा राखी, रौद्राचा लाल, वीराचा गौर, भयानकाचा काळा, बीभत्साचा निळा आणि अद्भुताचा पिवळा. या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. येथे रंग दिला आहे तो भावनेला. राग लाल आहे. रागावणारा माणूस जन्मभर लाल नाही. पण त्याच ग्रंथात पात्रांच्या रंगभूषेचा विचार करताना ब्राह्मण व क्षत्रिय पात्रे गौर रंगवावीत आणि वैश्य व शूद्र पात्रे श्याम रंगवावीत, असेही सांगितले आहे. एकाच ग्रंथातल्या या दोन सूचनांमध्ये मोठे अंतर आहे. पहिली सूचना भावना ओळखायला शिकवते; दुसरी माणसाच्या जन्मावर रंगाचा शिक्का मारते. रंगांचा सारा प्रश्न या दोन सूचनांच्या मधोमध उभा आहे.

केरळातील कथकलीचे उदाहरण पाहू. राम, कृष्ण, अर्जुन यांसारख्या धीरोदात्त नायकांचा चेहरा हिरवा रंगवतात. या प्रकाराला पच्चा म्हणतात. क्रूर आणि उद्दाम पात्रांना तांबडी दाढी असते, तर हनुमंताची दाढी पांढरी असते. आता रावणाचा चेहरा कसा असावा? सामान्य अपेक्षा अशी की, तो सर्वस्वी लाल किंवा काळा असेल. प्रत्यक्षात रावण आणि दुर्योधन यांच्या चेहऱ्याचा मूळ रंग नायकाप्रमाणेच हिरवा असतो आणि त्यावर लाल व पांढऱ्या रंगांच्या खुणा काढलेल्या असतात. रावण विद्वान आहे, पराक्रमी आहे, राजा आहे. त्याच्या ठायी असलेल्या थोरवीवर अहंकाराचे वळ उमटले आहेत, हे सारे तो चेहरा एका दृष्टिक्षेपात सांगतो. खलनायक रंगवतानाही त्याच्यातला चांगुलपणा पुसून टाकायचा नाही, ही केवढी समंजस दृष्टी आहे!

आपल्या कोकणातही असाच अनुभव येतो. दशावतारातला संकासुर काळ्या वेषात आणि लांब लाल जिभेनिशी रंगमंचावर येतो. वेद चोरून नेणारा तो दैत्य; पण त्याचे बोलणे ऐकून प्रेक्षक पोट धरून हसतात. शिमग्याच्या दिवसांत काही गावांतून संकासुर काळ्या वेषात दारोदार फिरतो, तेव्हा भाविक त्याच्यापुढे हातही जोडतात. काळा रंग आणि दैत्याचे नाव असूनही गावाने त्याला आपला मानले आहे.

रंग आणि स्वभाव यांचे हे नाते केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. चीनच्या पारंपरिक संगीत नाटकात लाल चेहरा एकनिष्ठ वीराचा, काळा चेहरा सरळमार्गी व निःस्पृह माणसाचा, आणि पांढरा चेहरा कपटी माणसाचा समजतात. आपल्या काळ्या-पांढऱ्याच्या कल्पना तेथे नेमक्या उलट होतात. जपानच्या काबुकी नाटकात चेहऱ्यावर लाल रेघा असलेला तो आवेशी नायक, आणि निळ्या रेघा असलेला तो दुष्ट किंवा पिशाच, असा संकेत आहे.

काबुकीच्या याच जपानने पुढे रंगांची भाषा चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर आणली. तेथील हलत्या चित्रांच्या कथांना ॲनिमे म्हणतात. तेझुका ओसामू यांची १९६३ सालची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका कृष्णधवल होती. १९६५ पासून तेथील मालिका रंगीत होऊ लागल्या. या चित्रशैलीत नाक, तोंड, हनुवटी थोडक्या रेषांत काढतात. त्यामुळे दोन पात्रे सारखीच दिसू लागण्याची शक्यता असते. मग केसांचा रंग, कपड्यांचा रंग आणि डोळ्यांचा रंग यांवरून पात्र ओळखायचे. चित्रकाराची ही सोय पुढे कथेचे अंग बनली. उतावळे, मनमोकळे, पटकन रागावणारे पात्र लाल, नारिंगी किंवा पिवळ्या रंगात येते. अबोल, विचारी, आतल्या गाठीचे पात्र निळ्या किंवा काळ्या रंगात येते. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले की, त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकाला त्यांचे स्वभाव कळतात.

हे चित्रपट आणि या मालिका आता आपल्या घरातल्याच झाल्या आहेत. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी लागणारी ‘जंगल बुक’ ही मोगलीची मालिका मूळची जपानीच. जपानचे युगो साको आणि आपल्याकडील राम मोहन यांच्या सहकार्यातून रामायणावरचा ॲनिमे चित्रपट तयार झाला. तो २०२५ च्या जानेवारीत भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. ‘डोरेमॉन’ तर आज लहान मुलांच्या तोंडी घरच्या माणसाच्या नावासारखा असतो. म्हणून या कथा परक्या आहेत असे म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवण्यात अर्थ नाही. त्यांत रंगांचा उपयोग कसा केला आहे, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

मोगलीच्या गोष्टीत वाघ पिवळाधमक आणि देखणा आहे. पण तो शत्रू आहे. बघीरा हा काळाकुट्ट बिबळ्या आहे. पण तो मोगलीचा पाठीराखा आहे. काळ्या रंगाची भीती वाटणारे मूल त्या गोष्टीतून काळ्या बघीरावर प्रेम करायला शिकते. डोरेमॉन हा निळा यंत्रबोका मुळात पिवळा होता, असे त्याच्या कथेत सांगितले आहे. उंदराने त्याचे कान कुरतडले आणि त्या दुःखात त्याचा पिवळा रंग जाऊन तो निळा झाला. रंग हा जन्माचा शिक्का नसून जगताना आलेल्या अनुभवाची खूण असू शकते, हे त्या हसवणाऱ्या कथेने सहज सांगून टाकले आहे.

‘नारुतो’ या कथेतील जोडी याहून बोलकी आहे. किशिमोतो मासाशी यांची ही चित्रकथा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००२ पासून ती पडद्यावर आली. नारुतो नारिंगी कपडे घालणारा, बडबड्या आणि खोडकर मुलगा आहे. सासुके निळ्या कपड्यांतला, काळ्या केसांचा, अबोल आणि वर्गात पहिला येणारा मुलगा आहे. नारुतो विद्यालयाच्या अंतिम परीक्षेत तीनदा नापास झालेला आहे आणि सारे गाव त्याला दूर ठेवते. नारिंगी आणि निळा हे एकमेकांविरुद्ध रंग. तशीच ही दोन मुले. तथापि कथा पुढे जाते तसे कळते की, दोघेही पोरके आहेत आणि दोघांच्याही मनात एकटेपणाची एकच जखम आहे. रंग वेगळे, दुःख मात्र सारखे. आधी रंगांनी त्यांना वेगळे दाखवायचे आणि मग कथेने त्या रंगांच्या आत शिरायचे, ही चांगल्या कलाकृतीची रीत होय.

विरुद्ध रंगांच्या अशा जोडीला जपानमध्ये तांबडा राक्षस आणि निळा राक्षस यांची उपमा देतात. त्यामागे हामादा हिरोसुके यांनी १९३३ साली लिहिलेली एक बालकथा आहे. तांबड्या राक्षसाला माणसांशी मैत्री करायची असते. तो आपल्या दारावर, या, चहा घ्या, खाऊ खा, अशी पाटी लावतो; पण गावकरी भीतीने फिरकत नाहीत. तेव्हा त्याचा मित्र निळा राक्षस एक युक्ती काढतो. तो गावात जाऊन धुमाकूळ घालतो आणि तांबड्याने आपल्याला मारून हाकलावे असे ठरवतो. युक्ती सफल होते. गावकरी तांबड्याला चांगला समजून त्याच्या घरी येऊ लागतात. काही दिवसांनी तांबडा आपल्या मित्राच्या घरी जातो, तर दार बंद असते. आपली मैत्री पाहिली तर गावकरी तुझ्यावर संशय घेतील, म्हणून मी दूर जात आहे, अशा आशयाची चिठ्ठी दारावर असते. तांबडा राक्षस ती वाचून रडत राहतो. गावाच्या दृष्टीने तांबडा चांगला ठरला आणि निळा वाईट. वाचकाला मात्र ठाऊक आहे की, त्या कथेतला सर्वांत थोर जीव निळाच आहे.

आता या दृष्टीने आपल्या इतिहासातल्या एका ठिकाणाकडे वळू. झाशी शहराच्या जुन्या तटाला अनेक दरवाजे होते. त्यांपैकी ओरछ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो ओरछा गेट. झाशी जरी बुंदेलखंडात असली तरी मराठी माणसाला ती परकी नाही. तेथील किल्ला ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. पुढे पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला आणि शहर वसवले. त्यानंतर नेवाळकर घराण्याने तेथे कारभार केला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले, १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केले आणि १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज यांच्या फौजेने शहराला वेढा घातला. ३ एप्रिल रोजी इंग्रज शहरात शिरले आणि त्यानंतर राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून बाहेर पडल्या.

शहर पडले कसे? झाशीची लोकपरंपरा याचे एक सरळ उत्तर देते. ओरछा गेटवर दुल्हाजू नावाचा सरदार पहाऱ्यावर होता. तो फितूर झाला, त्याने दरवाजा उघडला आणि शत्रू आत आला. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या हिंदी कादंबरीने ही कथा दूरवर पोहोचवली. या चित्रात दोन ठळक रंग आहेत. एका बाजूला शुभ्र तेजाची राणी आणि दुसऱ्या बाजूला काळा फितूर. नाटक, चित्रपट किंवा चित्रकथा रचायची तर यापेक्षा सोपी आणि परिणामकारक जोडी शोधूनही सापडणार नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र वेगळी हकीकत सांगतात. तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आणि तटाला शिड्या लावून सैन्य आत शिरले, शिड्यांवर चढणारे त्यांचे अधिकारी कामास आले, असे त्यांत आढळते. विजेत्याने स्वतःचे शौर्य वाढवून सांगावे आणि पराजिताने फितुरीकडे बोट दाखवावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणून येथे दुल्हाजूची बाजू घेण्याचे कारण नाही आणि लोककथेला खोटे ठरवण्याचेही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, सर्व काळा रंग एका माणसावर ओतून आपण मोकळे झालो, तर त्या पराभवाची खरी कारणे आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

ती कारणे थोडी आठवून पाहावीत. ज्या ओरछ्याचे नाव या दरवाजाला आहे, त्याच ओरछा संस्थानच्या फौजेने १८५७ मध्ये नत्थेखानाच्या हाताखाली झाशीवर चाल केली होती. शेजारची संस्थाने राणीच्या मदतीला उभी राहिली नाहीत. इंग्रजांचा तोफखाना भारी होता. तात्या टोपे सुमारे २० हजारांची फौज घेऊन मदतीला आले. पण १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला आणि वेढ्यातल्या शहराची शेवटची आशा मावळली. आपसातली फूट, शस्त्रांतली तफावत, वेळेवर न पोहोचलेली मदत, ही कारणे एका दरवाजात मावणारी नाहीत. त्यांना चेहरा नाही, म्हणून त्यांना काळे फासता येत नाही. दुल्हाजूला चेहरा आहे. त्याच्यावर संताप करणे सोपे आणि आपल्या दुहीचा विचार करणे अवघड, म्हणून आपण सोपी वाट धरतो.

खलनायकाला एकच रंग दिल्याने जसे नुकसान होते, तसेच नायकाला एकच रंग दिल्यानेही होते. राणीची जी चित्रे आणि जे चित्रपट आपण पाहतो, त्यांत ती बहुधा गोरीपान आणि झळझळीत वस्त्रांत दिसते. १८५४ साली वकील म्हणून झाशीला आलेल्या जॉन लँग यांनी तिला साध्या पांढऱ्या मलमलीच्या वस्त्रात पाहिले. ती फार गोरी नव्हती आणि काळीही नव्हती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी राणीला कधी पुरुषी पोशाखात, तर कधी स्त्रीवेषात पाहिले. दरबार करणारी, घोड्यावर बसणारी, देवधर्म पाळणारी, मुलाची काळजी वाहणारी अशी ती अनेक रंगांची स्त्री होती. तिला एकाच रंगाची मूर्ती बनवले की तिचे मोठेपण वाढत नाही, उलट तिचे माणूसपण हरवते. माणूस म्हणून तिला जे भय वाटले असेल, जी शंका आली असेल, त्यांवर तिने मात केली म्हणूनच ती थोर आहे.

याच झाशीच्या कथेत आणखी एक स्त्री आहे. झलकारीबाई ही कोरी समाजातली, झाशीजवळच्या भोजला गावची. तिचे रूप राणीशी मिळतेजुळते होते आणि राणीला निसटता यावे म्हणून तिने राणीचा वेष घेऊन शत्रूला चकवले, असे लोकपरंपरा सांगते. पुष्कळ काळ तिची आठवण तिच्या समाजाच्या गाण्यांत आणि कथांतच राहिली. २००१ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. आता विचार करावा. दोघींचे रूप सारखे, धैर्य सारखे, शहरही तेच. पण एकीवर प्रकाश पडला आणि दुसरी दीर्घकाळ सावलीत राहिली. तांबड्या आणि निळ्या राक्षसाची कथा येथे पुन्हा आठवते. ज्याने स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे केले, त्याचा रंग गावाच्या लक्षात राहत नाही. झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची स्मारके आहेत. राणीच्या बाजूने लढलेली ही माणसे कोणत्याही एका रंगाच्या निशाणाखाली मावत नाहीत.

येथे एक शंका घेतली जाईल. लहान मुलांना काळे-पांढरे असेच चित्र कळते. त्यांना आधी चांगले आणि वाईट यांतला फरक स्पष्ट दाखवला पाहिजे. बारकावे ती मोठेपणी शिकतील. या म्हणण्यात तथ्य आहे. मूल चालायला शिकताना बोट धरते, तसे कथा समजून घेताना ते रंगाचे बोट धरते. दैत्य ओळखता आला नाही तर गोष्टीत रस वाटणार नाही. पण बोट कधीतरी सोडावे लागते. ज्याला ते सोडायला कोणी शिकवलेच नाही, तो मोठा झाल्यावरही शेजाऱ्याला, परगावच्या माणसाला, दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला पाहताच त्याच्यावर रंग फासून मोकळा होतो. शिवाय मुले आपण समजतो तितकी भोळी नसतात. बघीरावर त्यांनी जीव लावला, संकासुराला ती हसली, याचाच अर्थ रंगाच्या पलीकडे पाहण्याची शक्ती त्यांच्यात आहे. ती शक्ती वाढवणे हे आपले काम आहे.

हा प्रश्न गोष्टीपुरता राहिला असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तो आपल्या घरात शिरला आहे. वधू पाहिजे अशा जाहिरातींत गोरी हा शब्द किती सहज येतो! मुलगी सावळी असली की तिच्या आईला काळजी वाटते आणि नातेवाईक ती बोलून दाखवतात. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि गोरेपणा म्हणजे यश असे समीकरण त्याच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे ठसवले. २०२० मध्ये त्या नावातला गोरेपणा काढून टाकण्यात आला. नाव बदलले, मनातले समीकरण बदलायला अधिक वेळ लागेल. सावळ्या विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवणाऱ्या समाजाने सावळ्या मुलीला नाकारावे, याहून मोठी विसंगती कोणती?

पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या आम्हा मंडळींवरही यात मोठी जबाबदारी आहे. धड्याच्या चित्रात शिक्षिका गोरी आणि मोलकरीण काळी काढली, शहाणा मुलगा उजळ आणि खोडकर मुलगा सावळा काढला, तर त्या धड्यातला समतेचा उपदेश वाया जातो. मूल अक्षरे वाचण्यापूर्वी चित्र वाचते.

आणि एक शिक्का तर असा आहे की, त्याला रंगही लागत नाही. शाळेत कोणाला हुशार आणि कोणाला ढ ठरवण्याची आपली पद्धत आहे. एका अक्षरात आपण एका माणसाचे सारे आयुष्य बंद करून ठेवतो. डोरेमॉनच्या गोष्टीतला नोबिता परीक्षेत शून्य गुण मिळवतो. त्याच वर्गात सर्व विषयांत पहिला येणारा मुलगाही आहे. ही जोडी पाहून मुले हसतात. पण त्याच नोबिताच्या मनाचा मोठेपणा गोष्टीत वेळोवेळी दिसतो, हे विसरू नये. शेतावर, कारखान्यात, चूल सांभाळताना किंवा लहान भावंडांना वाढवताना ज्यांची शाळा सुटली, त्यांनाही जगाने असाच एक रंग दिलेला असतो. शाळा सुटलेला, अर्धवट, अशी विशेषणे त्यांच्या मागे लागतात. ज्या हातांनी संसार उभा केला, त्या हातांत पुन्हा पुस्तक घेण्याचे धैर्य वर्गात पहिले येण्यापेक्षा कमी नाही. मुक्त विद्यालयाचे दार त्या धैर्यासाठीच उघडे आहे. ज्याला स्वतःला चुकीचा शिक्का सोसावा लागला, त्याने तरी दुसऱ्यावर शिक्का मारताना हात आखडता घ्यावा.

म्हणून चित्रकथा, नाटक, ॲनिमे यांचा आनंद अवश्य घ्यावा. त्यांतले रंग ओळखावेत, कारण रंग ओळखणे हेही एक वाचन आहे. पण कथा पाहताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या पात्राला हा रंग कोणी दिला? तो त्याच्या भावनेचा आहे की जन्माचा? आणि हा रंग पुसला तर खाली कोणता चेहरा दिसेल? घरातल्या मुलांबरोबर बसून हे प्रश्न विचारले, तर करमणुकीचा अर्धा तासही शिक्षणाचा होईल.

आपल्या जुन्या मराठी गावगाड्यात दोन सुंदर शब्द होते. गावातली वस्तीची जागा म्हणजे पांढरी आणि पिकाची जमीन म्हणजे काळी. पांढरीवर घरे उभी राहत आणि काळीतून धान्य येई. पांढरी चांगली आणि काळी वाईट असे कोणी म्हटले नाही. कारण काळीशिवाय पांढरीचे पोट भरत नव्हते आणि पांढरीशिवाय काळी कसायला हात नव्हते. दोन्ही मिळूनच गाव होई. माणसांचेही तसेच आहे.